बाहीपर्यंतचं ऊन

होळीला अजून आठ-दहा दिवस असतात, तेव्हाच पुण्याचं ऊन बदलतं. सकाळी अंगावर शाल हवीशी वाटते, अंघोळीला कढत पाणी लागतं, आणि अकरा वाजता दोरीवरचे कपडे काढायला बाहेर गेलं की हाताला चटका बसतो. आमच्या खडकीच्या क्वार्टरसमोर एक काटेसावर आहे. या दिवसांत ती लालभडक फुलांनी भरते, पण अंगावर एकही पान नसतं. बघायला सुंदर, सावलीला निरुपयोगी.

अशा दिवसांत माझा हात आपोआप सईच्या कानाकडे जातो. ती शाळेतून आली की दप्तर उतरवायच्या आधी मी तिचे केस मागे सारते. कानाची कड बघते, मग गाल, मग हाताची वरची बाजू.

"आई, मी आता दहा वर्षांची आहे," ती वैतागून म्हणते.

"माहीत आहे मला."

"मग बघतेस कशाला? काही असेल तर मी सांगेन ना."

ती सांगेल याची मला खात्री आहे. तरी मी बघतेच. ऊन असं कोवळं-कडक व्हायला लागलं की पाच वर्षांपूर्वीचे ते दिवस माझ्या बोटांना आधी आठवतात, मला मागून.

सई तेव्हा मोठ्या गटात होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिच्या वर्गाचं लेझीम होतं. इवलीशी लेझीम, तिला बांधलेला लाल गोंडा, आणि "एक-दोन-तीन-वाक!" असं दिवसभर घरात चाललेलं. तालीम शाळेच्या मैदानावर, अकराच्या सुमाराला. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी ती हात खाजवत बसली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही हातांवर, गालांवर आणि कानांच्या कडांवर बारीक लाल पुरळ. मोहरीएवढे फोड, मध्ये मध्ये लालसर चट्टे.

मी म्हटलं, घामोळं. घामोळ्याची पावडर लावली. पुरळ वाढलं. मग मुलतानी माती लावली. शेजारच्या काकूंनी सांगितलं, उष्णता आहे, सब्जा द्या. दिला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना गोवराची शंका आली, पण ताप नव्हता. कुणीतरी दृष्ट काढायला सांगितली, तीही काढली. मग एका बाईनं छातीठोकपणे सांगितलं, की लिंबू चोळा, खाज बंद होते. मी लिंबू चोळलं आणि सईला तालमीला पाठवलं. ती दुपारी आली तेव्हा तिचे हात भाजल्यासारखे दिसत होते. "आई, आग होतेय," म्हणत ती नळाखाली हात धरून उभी राहिली. माझ्या हाताला अजून लिंबाचा वास येत होता.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, ते पुण्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. त्या उन्हात आम्ही शेतात राबलो, डोक्याला एक दुपट्टा गुंडाळून दोन-दोन कोस चाललो. त्यामुळे या पुरळाचा आणि उन्हाचा काही संबंध असेल, हे मनात आलं तरी पटत नव्हतं. आईला फोनवर म्हटलं, की उन्हात गेलं की जास्त होतं वाटतं, तर ती हसलीच.

"काऊन वं, उन्हानं कोणाले पुरळ येते का? पुण्याचं ऊन ते काय अन् त्याचा ताप तो काय! पोरीले काही बाहेरचं खाऊ घातलं असंन तू."

सईचे बाबा फॅक्टरीतून आले की तिला जवळ घ्यायचे, हात उलटेपालटे करून बघायचे आणि म्हणायचे, "आपली पोर आहे ही. दोन दिवसांत जाईल." त्यांच्या बोलण्यात धीर होता आणि थोडा अभिमानही, की आपली कातडी काही नाजूक नाही. माझ्यातही तो होताच.

मग शाळेतून फोन आला. त्याआधी वर्गाच्या ग्रुपवर कुणा पालकाचा मेसेज येऊन गेला होता, 'ज्या मुलांना स्किन इन्फेक्शन आहे त्यांना प्लीज बरं होईपर्यंत पाठवू नये.' नाव नव्हतं. गरजच नव्हती. खाली आठ-दहा अंगठे आले होते. सईच्या वर्गाच्या मेधाताई फोनवर फार संकोचानं म्हणाल्या, "दोन-तीन दिवस घरी ठेवाल का? इतर पालक जरा काळजीत आहेत. आणि लेझमीत जोडीजोडीनं हात धरायचा असतो, तर अन्वी तिचा हात धरायला तयार नाही."

अन्वी तिची सगळ्यात जवळची मैत्रीण. डब्यातला पोळीचा लाडू अर्धा करून देणारी. सईनं मला हे सांगितलंच नव्हतं. मी विचारल्यावर ती लेझमीचा गोंडा विंचरत म्हणाली, "तिच्या आईनं सांगितलंय, सईला हात लावू नको. तिची काही चूक नाहीये."

पाच वर्षांची पोर मैत्रिणीची बाजू घेत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिले.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर-पोलकी, शाळेचे गणवेश. सई घरी होती त्या दिवसांत तिचा फ्रॉक शिवायला घेतला, आणि माप घेताना तिचा हात सरळ लांब केला. बाहीची जागा धरण्यासाठी टेप दंडावर टेकवली आणि तिथेच थांबले.

पुरळ दंडावर एका रेषेत संपलं होतं. कापडावर खडूची रेघ मारावी तसं. रेषेच्या खाली लाल दाणे, वर स्वच्छ कातडी. मी तिचा गणवेशाचा शर्ट आणून तिला घातला. बाहीची कड नेमकी त्या रेषेवर आली. मनगटावर तिनं मण्यांचं रुंद ब्रेसलेट घातलेलं असायचं. ते सरकवलं. खाली पट्टाभर कातडी कोरी. काखेत काही नाही, पाठीवर काही नाही, पोटावर काही नाही. घामोळं तर नेमकं तिथे व्हायला हवं, जिथे कपडा असतो, घाम साठतो. हे उलटं होतं. जिथे कपडा होता तिथे काहीच नव्हतं.

मापांच्या वहीच्या मागच्या पानावर मी तारखा लिहायला लागले. तालीम झाली, पुरळ आलं. तीन दिवस घरात, पुरळ कमी. रविवारी बाबांबरोबर मैदानावर सायकल, सोमवारी सकाळी पुन्हा. दोन आठवडे मी एवढंच केलं. शिकलेली फार नाही मी, बारावी. पण कपड्याची आणि अंगाची कड कुठे जुळते, ते बघणं हेच माझं काम. त्या पानाकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला काहीतरी कळलंय.

कसबा पेठेत एका गल्लीत, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानांच्या पुढे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लहान मुलांच्या कातडीच्या एक डॉक्टरबाई बसतात असं कळलं. रिक्षा आत जात नाही, म्हणून मी सईला डोक्यावर ओढणी घालून चालवत नेलं. डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. सईचा हात भिंगातून बघितला आणि मला विचारलं, "आतापर्यंत काय काय लावलंत?"

मी सांगत गेले. पावडर, मुलतानी माती, लिंबू, शेजारच्या घरातली एक ट्यूब.

"स्वयंपाकघरात अजून काही शिल्लक असेल तर तेही लावून या," त्या म्हणाल्या. "लिंबू लावून उन्हात पाठवलंत? लिंबानं उन्हात कातडी आणखी भाजते, बाई. आणि दुसऱ्याची ट्यूब दुसऱ्याच्या मुलाला लावायची नसते."

माझे डोळे भरले. पण आले होते ते सांगायला, म्हणून मी वही काढली. तारखांचं पान उघडलं. मग सईची बाही वर केली आणि ती रेघ दाखवली. ब्रेसलेटखालचा पट्टा दाखवला.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. वही हातात घेऊन पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"शिक्षण काय तुमचं?"

"बारावी. मी शिवणकाम करते."

"बरं करता," त्या म्हणाल्या. "माझं अर्धं काम तुम्ही करून आणलंत." आणि मग त्यांचा आवाज बदलला. ताप येतो का, सांधे दुखतात का, तोंडात फोड येतात का, घरात कुणाला असं होतं का, सगळं शांतपणे विचारलं. सगळ्याला उत्तर नाही असं आलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, "हे उन्हाचं पुरळ आहे. थंडीभर झाकून राहिलेल्या कातडीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक कडक ऊन पडलं, की काही मुलांना येतं. उन्हात गेल्यावर लगेच नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. म्हणून लोकांना संबंध लागत नाही. डाग राहात नाहीत. एकाचं दुसऱ्याला होत नाही."

मी न राहवून म्हटलं, "पण आम्ही विदर्भातले. आमच्याकडं तर इतकं ऊन असते..."

'असते' तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. पुण्यात आल्यापासून अशा शब्दांवर लोक हसतात. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "म्हणून काही तुमची मुलगी उन्हाशी करार करून आलेली नाही," त्या म्हणाल्या. "तिची कातडी तिची आहे. तिला सांभाळा, लाजू नका."

एक मलम दिलं, किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं ते बजावून सांगितलं. खाज आली की गार पाण्याची घडी. दहा ते चार ऊन टाळायचं, टाळता येत नसेल तर पूर्ण बाह्या, मोठ्या कडेची टोपी, उघड्या जागी मुलांचं सनस्क्रीन. हळूहळू कातडी सरावते, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकेल, मोठी होईल तसं बहुधा कमी होईल. आणि कागदावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात एक चिठ्ठी लिहून दिली, की हा संसर्ग नाही, हिच्या शेजारी बसायला आणि हात धरायला काहीही हरकत नाही.

त्या दिवशी मी बुधवार पेठेतून कापड घेऊनच घरी आले. दुकानदारासमोर एकेक सुती कापड उजेडाकडे धरून बघत होते, आरपार किती दिसतं ते. तो कंटाळून म्हणाला, "वहिनी, कापड घ्यायचंय का खिडकी?" शेवटी घट्ट विणीचं, पण अंगाला मऊ असं पांढरं कापड मिळालं. त्याचं पूर्ण बाह्यांचं जाकीट शिवलं, गळ्याला उभी पट्टी, बाही तळहातावर येईल इतकी लांब. टोपीला मागून आणि बाजूंनी झालर लावली, कान झाकण्यासाठी.

सईनं ते घालून आरशात बघितलं आणि रडायला लागली. "मी एकटीच अशी दिसणार."

मी टोपीची झालर सरळ केली. खरंच ती एकटीच तशी दिसणार होती. सनस्क्रीन पहिल्यांदा लावलं तेव्हा घामाबरोबर डोळ्यांत गेलं, तेव्हाही रडली. आज मी हे अभिमानानं सांगते आहे, पण ते आठवडे काही अभिमानाचे नव्हते. रोज सकाळी एका रडणाऱ्या मुलीला जाकिटात घालणं होतं ते.

चिठ्ठी घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाईंनी ती वाचली, जाकीट हातात धरून बघितलं. "गणवेशात बसत नाही हे."

"हो, बाई."

"आणि तालमीची वेळ एका मुलीसाठी बदलता येणार नाही."

आदल्या दिवशीपर्यंत मी "बरं" म्हणून परत आले असते. पुण्यात आल्यापासून मी बरंच काही "बरं" म्हणून सोडून दिलं होतं, शब्द चुकतील या भीतीनं. पण त्या दिवशी वही पिशवीत होती. मी म्हटलं, "बाई, एकीसाठी बदलू नका. पण अकराच्या उन्हात पन्नास लहान मुलं उभी करता, त्यातली किती लाल होऊन घरी जातात, कधी बघितलं का? मी आठ दिवस फाटकापाशी उभी राहून बघून राहिले. सगळ्यांसाठी बदला. त्यात माझीही येईल."

"बघून राहिले" गेलंच तोंडातून. जाऊ दे म्हटलं.

मोठ्या बाईंनी जाकीट घडी करून माझ्याकडे परत दिलं. मग बेल वाजवून मेधाताईंना बोलावलं. "तालीम साडेआठला घ्या उद्यापासून. मैदानाच्या इमारतीकडच्या बाजूला." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जाकीट चालेल. फक्त त्यावर शाळेचा बिल्ला लावा. नियम म्हणजे नियम."

पुढचं मी बघितलेलं नाही, मेधाताईंनी सांगितलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात मुलं गोल करून बसली होती. सईच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी. मेधाताई चिठ्ठीबद्दल काही सांगणार, तेवढ्यात सई स्वतःच उठली. तिनं जाकिटाची बाही खांद्यापर्यंत वर ओढली आणि मुलांना हात दाखवला.

"हे बघा, इथपर्यंत ऊन आलं. इथं माझी बाही होती, म्हणून ते थांबलं. हे कुणालाच लागत नाही. डॉक्टरांनी कागद दिलाय. मला फक्त खाज येते, आणि तुम्ही लांब बसलात की रडू येतं."

मुलं उठून जवळ आली. एकानं ती रेघ बोटानं चाचपली. कुणीतरी स्वतःची बाही वर करून आपल्या हाताला रेघ आहे का ते बघितलं. मग सगळेच बघायला लागले. अन्वी शेवटी आली. तिनं सईच्या हाताला एक बोट लावलं, वाट बघितली, आपल्या बोटाला काही झालं नाही याची खात्री केली, आणि शेजारी बसली.

मेधाताई हे सांगताना रडत होत्या. मी रडले नाही. घरी येऊन मशीनवर बसले आणि अर्धवट राहिलेलं ब्लाउज पूर्ण केलं. हात नीट चालत होते.

संमेलनाच्या दिवशी सई पांढऱ्या जाकिटात आणि झालरीच्या टोपीत लेझीम खेळली. दोन ठिकाणी चुकली. हातांच्या बोटांवर दुसऱ्या दिवशी चार दाणे आलेच. पण हात धरायच्या प्रत्येक वेळी अन्वीचा हात तिच्या हातात होता, आणि सईचे बाबा पहिल्या रांगेत उभे राहून इतक्या मोठ्यानं टाळ्या वाजवत होते, की मागच्या बाईंना त्यांना बसा म्हणावं लागलं. परत येताना ते म्हणाले, "आपल्याकडे कितीही ऊन सोसत असू. हे मला जमलं नसतं. गोलात उभं राहून हात दाखवणं." पुढच्या आठवड्यात वर्गातल्या दोन आया आल्या, "तसंच जाकीट आमच्याही मुलाला शिवाल का?" म्हणून. त्यातली एक अन्वीची आई होती. तिनं माफी मागितली नाही. चहा घेतला, माप दिलं आणि जाताना सईच्या गालाला हात लावला. मला ते पुरलं.

पुढची दोन वर्षं फेब्रुवारीत थोडंथोडं आलं. मग एका वर्षी नुसते कान लाल झाले. गेल्या वर्षी काहीच नाही. टोपी ती अजून घालते, आता तिच्या निवडीची, निळी.

परवा संध्याकाळी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. एका बाईचा आवाज, दबलेला. "तुम्ही सईच्या आई का? तुमची मुलगी आमच्या गौरीच्या शाळेत आहे. तिनं मधल्या सुट्टीत गौरीला सावलीत बसवलं आणि तुमचा नंबर लिहून दिला. गौरीच्या हातावर पुरळ आलंय हो. सगळे वेगवेगळं सांगतात."

गौरी मोठ्या गटातली, पाच वर्षांची. सईनं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी त्या बाईंना डॉक्टरबाईंचा पत्ता सांगणार होते, तारखा लिहून ठेवा असं सांगणार होते, तेवढ्यात सईनं फोन हातातून घेतला.

"काकू, मी सई बोलतेय. डॉक्टरांकडे न्याच, कारण तिला काय झालंय ते आपल्याला माहीत नाही. पण त्याआधी तुम्ही गौरीला एकदा विचाराल का, की तिला काय वाटतंय? म्हणजे कधी खाजतं, कुठे खाजतं, शाळेत कोण काय बोलतं. लहान असली तरी तिला सगळं माहीत असतं."

पलीकडून त्या बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. सई खिडकीपाशी जाऊन बोलत राहिली, सावकाश, एखाद्या मोठ्या माणसानं घाबरलेल्या माणसाशी बोलावं तशी. मी मशीनवर हात ठेवून ऐकत होते. दोन आठवडे तारखा लिहिल्या मी, रेघा बघितल्या, कापडं उजेडाकडे धरून बघितली. तो एक प्रश्न मात्र तिला मी कधी विचारलाच नव्हता.